बरा म्हणजे काय?

प्रिय पोरी,

आजीच्या तेरवीला बोलायला लिहिलेली तुझी पानं व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. त्यात 'त्यागमूर्ती' आहे, 'मायेचा सागर' आहे, आणि 'नोकरी सांभाळूनही घराकडे कधी दुर्लक्ष होऊ दिलं नाही' हे वाक्य तू ठळक करून ठेवलंयस. नाव खोडून तिथं शेजारच्या कुठल्याही म्हातारीचं नाव घातलं तरी पान चालून जाईल. मग ते तुझ्या आजीचं कसं?

तू विचारतेस, तेरवीला आजी म्हणून बोलू की नर्स म्हणून? आणि बाबा म्हणतात, नाईट ड्युटीचं काढू नको, लोक काय म्हणतील. पोरी, घरी एक आणि वॉर्डात एक अशा दोन बाया नव्हत्याच त्या. मी त्यांना शेवटपर्यंत सिस्टर म्हटलं, इथंही तेच म्हणते.

वॉर्डात नवीन लागलेली कोणतीही पोरगी सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना, हमखास लिहायची, 'पेशंट बरा आहे.' सिस्टर वही तिच्याकडे फिरवायच्या. "बरा म्हणजे काय?" नाडी किती, श्वास किती, लघवी किती झाली, तोंडानं काय गेलं, रात्री किती वाजता जागा झाला. हे लिहिलं की बरा आहे का ते वाचणाऱ्याला आपोआप कळतं. नाही लिहिलं तर 'बरा' या शब्दाला काडीची किंमत नाही. ओरडायच्या नाहीत, पण वही पूर्ण होईपर्यंत कुणाला घरी जाऊ द्यायच्या नाहीत. बसेस सुटायच्या, बाप्पा!

तेच मी तुला विचारते. त्यागमूर्ती म्हणजे काय? काय सोडलं, कधी सोडलं, कुणासाठी? प्रेमळ म्हणजे काय?

एक मी सांगते. मे महिना, दुपारचं ऊन. आता उन्हाळा लागला की नागपुरात सरकारी दवाखान्यांत उष्माघाताच्या पेशंटसाठी कोल्ड वॉर्ड निघतात. आम्ही तेव्हा एक खोली खसच्या ताट्या लावून कशीबशी गार ठेवायचो. एका रिक्षावाल्याला उचलून आणलं. शुद्ध नाही, कातडी कोरडी ठणठणीत, हात लावला तर चटका बसावा. ज्युनियरनं काखेत थर्मामीटर लावला, १०३ आला. सिस्टर म्हणाल्या, काखेतल्यावर जाऊ नको, गुदद्वारातून घे. १०७! कपडे काढले, ओली चादर टाकली, उभा पंखा सरळ अंगावर, काखेत आणि जांघेत बर्फ. थोड्या थोड्या वेळानं आकडा लिहायचा, चादर पुन्हा ओली करायची. पारा १०२ वर उतरला आणि त्यांनी सगळं थांबवलं. चादरसुद्धा काढली. नातेवाईक ओरडायला लागले, "अजून बर्फ लावा ना बाई, थांबल्या काहून?" सिस्टर म्हणाल्या, आता लावला तर अंग गरजेपेक्षा गार पडत जाईल. आणि तिथंच स्टूल ओढून बसल्या, कारण ताप पुन्हा चढू शकतो. दुसऱ्या दिवशी त्या माणसानं चहा मागितला. त्याला सिस्टरचं नाव माहीत नव्हतं, त्यांनीही सांगितलं नाही. यात 'सेवाभाव' हा शब्द घालायला जागा कुठे आहे, दाखव मला.

आता तुझ्या बाबांचं. त्यांना गोवर निघाला तेव्हा सिस्टर नाईटला होत्या. रजा मिळाली नाही, रात्री वॉर्डात त्या एकट्याच नर्स होत्या. शेजारच्या काकूंना त्यांनी थर्मामीटर झटकायला आणि वाचायला शिकवलं. भिंतीला एक कागद चिकटवला. वेळ, ताप, पाणी, असे रकाने पाडले आणि ड्युटीवर आल्या. सकाळी घरी गेल्यावर आधी कागद वाचला, मग पोराला जवळ घेतलं. हे मला तुझ्या बाबांनीच सांगितलंय, आणि हसत नाही सांगितलं. त्यांना अजून तो क्रम खुपतो. आधी कागद, मग मी. खुपू दे. हेच वाक्य त्या दिवशी लोकांसमोर बोल. 'दुर्लक्ष होऊ दिलं नाही' म्हणतेस तेव्हा तू सिस्टरना खोटं पाडतेस, आणि तुझ्या बाबांच्या त्या रात्रीलाही.

माझा मुलगा आजही म्हणतो, आई, तू माझ्या एकाही गॅदरिंगला नव्हतीस. नव्हते. कुणीतरी रात्री जागं राहायला पाहिजे होतं की नाही? तिथं अंथरुणावर पडलेल्यांचीही पोरं होतीच. आणि त्याच्या शाळेची फी, सायकल, इंजिनिअरिंगची ॲडमिशन, सगळं त्याच ड्युटीतून निघालं. त्याच्या वडलांना कधी कुणी विचारलं नाही, तुम्ही गॅदरिंगला का नव्हता म्हणून. मला मात्र म्हातारपणीही विचारतात. गॅदरिंगला थांबता आलं असतं तर थांबले असते, एवढीच खंत आहे. पण माफी मी मागणार नाही. जाऊ दे, पत्र तुझ्यासाठी आहे.

तू लिहिलंयस की जुन्या पिढीनं 'सेवेचं व्रत' घेतलं होतं. व्रत म्हणजे काय? कमलाताई होस्पेटांचंच घे. तरुणपणी वैधव्य आलं, नर्सिंगचं शिक्षण घेतलं, आणि १९२१ साली वेणूताई नेन्यांना सोबत घेऊन नागपुरात मातृसेवा संघ काढला, बाळंतिणींना घराबाहेर नीट जागा मिळावी म्हणून. पुढे १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. लोक हार घालतात, माउली म्हणतात, ठीक आहे. पण विधवेनं घराबाहेर पडून परक्या बायांची बाळंतपणं करायची, त्या काळी याचा अर्थ काय होता ते सांगत नाहीत. १२ मेला परिचारिका दिन आला की आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंच्या हातात दिवा देऊन मोकळे होतात. त्या बाईनं १८५८ मध्ये सैनिकांच्या मृत्यूंचा रंगीत तक्ता काढून सरकारपुढे ठेवला होता, की जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त माणसं मेली. दिवा लक्षात राहिला, तक्ता गेला. सिस्टरच्या निरोप समारंभातही तेच झालं. पाहुणे 'ममता, करुणा, वात्सल्य' म्हणत राहिले, शाल-श्रीफळ झालं, आणि त्यांनी किती पोरी शिकवून तयार केल्या ते कुणी विचारलंसुद्धा नाही. मी पुढच्या रांगेत बसून होते. तेव्हापासून या शब्दांचा मला रागच आहे, म्हणून तुझ्यावर निघतोय.

आजीपणाचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण तुझ्या पानांत ते आलंच नाही. तान्ह्या पोळ्याला तुझ्या लाकडी नंदीचा पाय मोडला होता, तो त्यांनी काडी बांधून, वरून बँडेज गुंडाळून चिकटपट्टीनं बसवला. हाडाला स्प्लिंट लावतात तसाच, वरचा आणि खालचा सांधा धरून! तू तो बैल दारोदार ओढत नेलास. आणि घरातलं कालनिर्णय. नातवंडांच्या कपाळाला त्या हाताची मागची बाजू लावायच्या, मग थर्मामीटर लावायच्याच, आणि आकडा तारखेच्या चौकोनात. दिवसाचा निळ्या शाईनं, रात्रीचा लाल. मी एकदा म्हटलं, सिस्टर, आता रिटायर झालात ना? म्हणाल्या, हाताला कळतं गं, पण उद्या डॉक्टरला हात कसा दाखवू?

ती कॅलेंडरं त्यांनी टाकली नसणार. कपाटाच्या वर गुंडाळून ठेवली असतील, आत्याला विचार. तुझे ताप त्यात निघतील, तारखांसकट. त्यातलं एक पान उघडून बोलायला सुरुवात कर. भाषण लहान झालं तर होऊ दे. बाबांना आधी वाचून दाखव, पण त्यांना काही खोडू देऊ नको. काकूंचं नाव त्यांच्याचकडून काढून घे, मला आठवत नाही आणि ते सांगितलंच पाहिजे.

नवीन पान रविवारच्या आत पाठव. फोनवर वाचून दाखवू नको, मला आता एका कानानं कमी ऐकू येतं. आणि अक्षर मोठं ठेव.

तुझी
मावशी