वातींसाठी एवढी फी कशाला?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. आता काठी घेऊन घरात फिरते, पण उजव्या हातात जीव नाही. आठवड्यातून तीनदा ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम घरी येतात. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, ‘दिवाळीपर्यंत हात पूर्ण बरा होईल असं आईला सांगा, तेवढीच तिला उभारी येईल.’ त्यांनी साफ नकार दिला. वर आईलाच विचारलं, तुम्हाला काय करायचंय? ती म्हणाली, देवाच्या वाती. तेव्हापासून निम्मा तास कापसातच जातो. वाती दुकानात आयत्या मिळतात, मग एवढी फी कशाला मोजायची?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आईंसाठी तुमचा जीव किती तुटतो ते पत्रात दिसतं. तरीही सांगते, दोन्ही बाबतींत मॅडमचंच बरोबर आहे.

आज थोडा कापूस घेऊन स्वतः एक फुलवात करून बघा. कापूस बोटांनी हलकेच फुलवायचा, कडा मधे गोळा करायच्या आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत टोकाला पीळ द्यायचा. जोर जास्त झाला की तुटतं, कमी पडला की सुटतं. झटक्यानंतर पुष्कळांना मूठ आवळता येते, पण ती सोडणं आणि बारीक वस्तू चिमटीत धरणं फार जड जातं. आईंचा सराव नेमका त्याचाच चाललाय. शिवाय चेंडू दाबायला कंटाळणारा माणूस देवाच्या कामाला कंटाळत नाही, हे मी किती घरांत पाहिलंय! ऑक्युपेशनल थेरपीच्या ‘व्यवसायोपचार’ या मराठी नावाने उगाच गल्लत होते. इथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे, ज्या कामांनी माणसाचा दिवस भरतो ती सगळी कामं. कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएममध्ये १९५० साली हे शिक्षण सुरू केलं, तरी घरोघरी हे अजून समजावून सांगावं लागतं.

आता दिवाळीचं. मीही याच पेशातली. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या संघटनेने १९९३ मध्ये या पेशाची सात मूल्यं लिहून काढली. त्यांत स्वातंत्र्य आहे, प्रतिष्ठा आहे आणि सत्यही. मी ती पाठ केली होती, पण उमगली एका शिंपीकाकांमुळे. मी नवीन होते. घरच्यांनी गळ घातली म्हणून ‘होईल हो बरा हात’ असं त्यांना म्हणत राहिले. डाव्या हाताने कामं शिकू या म्हटलं की ते म्हणायचे, ‘कशाला बाई? उजवा येतोय ना?’ आठ महिने ते शर्टाची बटणं बायकोकडून लावून घेत राहिले. हात आला नाही. शेवटी त्यांनी मला विचारलं, ‘तुम्हाला ठाऊक होतं?’ मला मान वर करता आली नाही. ते आठ महिने मी त्यांच्याकडून काढून घेतले होते, आणि त्याची बोच आजही जात नाही.

चार महिन्यांनंतरही सुधारणेला वाव असतो. किती, ते आज कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. आईंना एवढंच खरं सांगा; त्या ऐकू शकतात.

यापुढे मॅडमना दाराबाहेर गाठू नका. जे विचारायचं ते आईंच्या शेजारी बसून विचारा. आणि संध्याकाळी वात हातातून सुटली तरी पटकन पुढे होऊन ‘दे, मी करतो’ म्हणू नका. वाकडीतिकडी होईल, तीच निरांजनात लावा.