दुर्बिणीआधी वर्णपट

शाळेच्या मर्यादित निधीतून आठवी-नववीच्या चाळीस मुलांसाठी कोणती दुर्बीण घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, यंदा ती घेऊच नये. शाळा दिवसा भरते, आणि रात्री मुले जमवली तरी एका नेत्रिकेपाशी चाळीस जणांची रांग लागते. शनीची कडी पाहण्याचा आनंद खराच. परंतु इतक्या दूरचा तारा कशाचा बनला आहे हे माणसाला कसे कळले, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते ताऱ्याच्या प्रकाशात आहे, आणि प्रकाशाचा अभ्यास भर दुपारी वर्गातही करता येतो.

त्यासाठी प्रत्येक गटाला पुठ्ठ्याच्या खोक्याचा वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग फाकवून त्यांचा पट्टा (वर्णपट) दाखवणारे साधन, करू द्यावा. एका टोकाला दाढीच्या दोन ब्लेडच्या धारा समोरासमोर चिकटवून केसाइतकी अरुंद फट ठेवावी. कोरी डीव्हीडी कात्रीने कापून तिचे दोन थर नखाने सोडवले की एक पारदर्शक तुकडा हाती येतो. त्यावरचा जांभळट रंग स्पिरिटने निघतो. हा तुकडा कडेजवळचा घ्यावा, कारण तेथील खाचा जवळजवळ सरळ असतात, आणि दुसऱ्या टोकाच्या छिद्रावर तो खाचा फटीला समांतर येतील असा बसवावा. सीडीच्या खाचांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर, तर डीव्हीडीच्या खाचांमधील ०.७४ मायक्रोमीटर असल्याने डीव्हीडी रंग बरेच अधिक फाकवते. मात्र त्यामुळेच वर्णपट फटीच्या सरळ रेषेत न दिसता पस्तीस ते साठ अंश बाजूला दिसतो. बहुतेक मुले फटीकडेच टक लावून बसतात आणि ‘काहीच दिसत नाही’ म्हणतात. त्यांना तिरके, खोक्याच्या आतल्या भिंतीकडे पाहायला सांगावे.

मग दिवे दाखवावेत, पण दिव्याचे नाव आधी सांगू नये. मुलांनी रंगीत पेन्सिलींनी चित्र काढावे आणि चित्रावरून दिवा ओळखावा. तारेच्या जुन्या बल्बचा पट्टा अखंड असतो. एलईडीचाही तसाच वाटतो, पण त्यात निळा ठळक आणि निळ्या-हिरव्याच्या मध्ये अंधूक जागा असते. सीएफएलमध्ये (वळणदार नळीच्या जुन्या दिव्यात) मात्र सुट्या रेषा उमटतात, आणि त्यांतील ५४६ नॅनोमीटर तरंगलांबीची हिरवी रेषा पाऱ्याची असते. (सीएफएल आता अडगळीतच सापडतो, तो फुटणार नाही याची काळजी घ्यावी.) स्पिरिटच्या ज्योतीत मिठाच्या पाण्यात बुडवलेली तार शिक्षकांनी स्वतः धरावी, ५८९ नॅनोमीटरपाशी सोडियमची पिवळी रेषा उजळते.

सूर्याकडे खोके कधीही रोखू देऊ नये. उन्हातला पांढरा ढग पुरेसा असतो. फट खरोखर अरुंद असेल तर रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफरने १८१४ मध्ये अशा शेकडो रेषा नोंदवल्या, पण त्या मूलद्रव्यांच्या खुणा आहेत हे किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवले. मिठाची पिवळी रेषा जेथे उजळली, नेमक्या त्याच जागी सूर्याच्या पट्ट्यात काळी रेषा आहे, हे मुलांना आपापल्या चित्रांवरून शोधू द्यावे. आपण तोपर्यंत गप्प राहावे.

येथे हेलियमची गोष्ट सांगता येते, पण ती नीट सांगावी. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने १८६८ मध्ये हेलियम शोधला, असे सहलींत सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरहून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने सौरज्वालांचा वर्णपट पाहिला, तर लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाविनाच, इंग्लंडमधून वेध घेतले. या वेधांतली ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची खूण, सोडियमच्या अगदी शेजारची, तरीही निराळी होती. लॉकियर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ नायगमवाला यांनी जेऊरहून घेतले. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडून (१८९५) तीन वर्षे होत आली होती.

निधीतून प्रथम १०×५० ची (दहा पट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, आणि एक भक्कम तिपाई घ्यावी. दुर्बिणीचा विचार पुढच्या वर्षी, रात्री थांबायला तयार असलेले दोन सहकारी मिळाले तरच करावा.