‘ओढत नाही, फक्त खातो’ : हृदयाविषयी वाचकांचे प्रश्न

तेच ते गैरसमज दर महिन्याला येतात, म्हणून यावेळी एकत्र उत्तरं.

बाटलीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं शेंगदाणा तेल महाग पडतं. तरी तेच घ्यावं का? (अमळनेर)
घाण्याच्या शेंगदाणा तेलातही कोलेस्टेरॉल नसतंच. जे नाहीच, त्याचे जादा पैसे कशाला मोजता? तेल कोणतं यापेक्षा किती, ते बघा. शेवभाजीवर बोटभर तर्री, त्यात तळलेली शेव, आणि समाधान कशाचं तर बाटलीवरच्या शिक्क्याचं! माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या पुढे जाऊ नका.

बीपी आहे. केळी खाऊ का? (रावेर)
खा. वेफर्स नकोत. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली. चालेल ना? (शिरपूर)
नाही. गोळीमुळेच ते नॉर्मल आलं. ज्यांनी लिहून दिली त्यांना लगेच भेटा.

मी विडी-सिगारेट ओढत नाही, फक्त तंबाखू खातो. आई मिसरी लावते. धोका तोंडाला, हृदयाला काय? (चोपडा)
ओपीडीत ‘व्यसन?’ विचारलं की ‘काहीच नाही’, आणि शर्टाच्या खिशात चुन्याची डबी. मिसरी तर बायका व्यसनात धरतच नाहीत. हिरडीतून निकोटीन रक्तात उतरतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, रक्तवाहिन्या आकसतात. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून जास्त आढळला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मग विकणाऱ्यांनी पानमसाल्याची पुडी वेगळी काढली, तंबाखूची वेगळी. घेणारा टपरीवरच दोन्ही एकत्र करतो. ‘तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही’ हे कारण मला सांगू नका, त्यावर साधी औषधं आहेत. सोडताना चिडचिड होते, झोप उडते. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ वर मोफत मदत मिळते. निकोटीनचं च्युइंगम मात्र मनाने आणू नका. आईंनाही घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा. दोघांचं बीपी, शुगर तपासून घ्या.

दिवसभर शेतातच असतो. वेगळं चालायचं कशाला? (यावल)
खरोखर राबत असाल तर गरज नाही. मोटारसायकलवरून केळीच्या बागेला फेरी मारणं म्हणजे राबणं नव्हे. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला, मे महिन्यात सकाळी सातच्या आत. चालताना छाती भरून आली तर तिथेच थांबा, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

रात्री वडिलांच्या छातीत जळजळ, दरदरून घाम. गॅस समजून ओवा-सोडा दिला, सकाळी बरं वाटलं. दाखवायला हवं का? (नंदुरबार)
रात्रीच दाखवायला हवं होतं. गॅस की अटॅक, हे ईसीजी काढल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. पुन्हा असं झालं तर १०८ ला फोन करा, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. आणि हे वाचून झाल्यावर वडिलांना ईसीजीला घेऊन जा. आजच. बाजारचा दिवस असला तरी.