तीन खोकी, एकच बिल: दुसऱ्या खोक्यावर पुन्हा पूर्ण ड्युटी कशाला?

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. जर्मनीतल्या एका दुकानातून स्वतःसाठी ऑनलाइन दुर्बीण मागवली. नळी 900 युरो, माउंट (नळी बसवायचा फिरता आधार) आणि तिपाई मिळून 420, दोन आयपीस (डोळ्याजवळची भिंगं) 180 आणि कुरिअरचे 120, असे एकूण 1,620 युरो क्रेडिट कार्डाने भरले. दुकानदाराने माल तीन खोक्यांत, वेगवेगळ्या दिवशी पाठवायचं ठरवलं. नळीचं खोकं तीन आठवड्यांपूर्वी आलं. ड्युटी जास्त वाटली, पण भरली. आता माउंटच्या खोक्यासाठी जवळपास तेवढीच रक्कम मागताहेत. तेव्हा कळलं की दोन्ही खोक्यांवर 1,620 युरोचंच बिल लावलेलं आहे. कुरिअर कंपनीचा माणूस म्हणतो, ‘मूल्य मान्य आहे’ एवढं पत्र सही करून द्या, उद्या माल सोडवतो. तिसरं खोकं अजून निघालेलं नाही. दुकानदार म्हणतो, त्यावर ‘गिफ्ट, 45 युरो’ लिहितो, म्हणजे तुमचं नुकसान भरून निघेल. पहिल्या खोक्यावर सगळ्या मालाची ड्युटी भरलीच आहे, तर दुसऱ्यावर शून्य किंमत दाखवता येईल का? कायद्याने मी काय करावं?

उत्तर: ते पत्र सही करून देऊ नका, आणि दुकानदाराला गिफ्टबद्दल आजच ईमेलने स्पष्ट ‘नको’ कळवा. ही दोन कामं आधी करा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमच्यावर अन्याय होतोय हे खरं आहे, आणि तो दूर होण्यासारखा आहे. पण एक समजूत आधी काढून टाकायला हवी: ‘एकूण रक्कम एकदा भरली की झालं.’ सीमाशुल्क कायदा 1962 तसं चालत नाही. ड्युटी लागते ती देशात आलेल्या मालावर, आणि कलम 14 प्रमाणे मूल्य धरायचं ते त्या मालासाठी प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीचं. तुमच्या तिन्ही खोक्यांचे वेबिल (कुरिअरची पाठवणी-पावती) नंबर वेगळे आहेत, हे तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून दिसतं. म्हणजे प्रत्येकाचं बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचं आयातीचं घोषणापत्र) वेगळं आणि प्रत्येक घोषणापत्र स्वतंत्र. तिन्ही नग एकाच वेबिलखाली एकत्र आले असते, तर एकाच बिल ऑफ एंट्रीत 1,620 दाखवणं बरोबर ठरलं असतं आणि हा घोळ झालाच नसता. पुढच्या वेळी ऑर्डर देताना दुकानदाराला एवढंच सांगा, की सगळे नग एका वेबिलवर, एकाच दिवशी पाठव.

म्हणून दुसऱ्या खोक्यावर शून्य दाखवता येणार नाही. आत 420 युरोचा माउंट आहे आणि कागदावर शून्य, ही चुकीची घोषणाच होते. पहिल्या खोक्यावर जास्त भरलं म्हणून दुसऱ्यावर कमी, अशी वळती कस्टम्स करत नाही. जिथे जास्त गेलं तिथून परत मागायचं आणि बाकीच्या दोन्ही ठिकाणी खरी किंमत दाखवायची.

खरी किंमत किती, ते आता बघू. आयात मूल्यात मालाच्या किमतीबरोबर वाहतूक आणि विमाही धरतात. 2007 च्या मूल्यांकन नियमांतला दहावा नियम ते सांगतो. हवाईमार्गे आलेल्या मालाचा वाहतूक खर्च मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. तुमचे 120 युरो 1,500 च्या 8 टक्केच आहेत, त्यामुळे ते पूर्ण धरले जातील. विम्याचा आकडा बिलावर वेगळा नसेल, तर किमतीच्या 1.125 टक्के धरतात. वाहतूक किमतीच्या प्रमाणात वाटली तर नळीच्या वाट्याला 72 युरो येतात, माउंटच्या 33.60 आणि आयपीसच्या 14.40. विमा मिळवून नळीचं मूल्य सुमारे 982 युरो, माउंटचं 458 आणि आयपीसचं 196 होतं. थोडक्यात, 60, 28 आणि 12 टक्के. म्हणजे पहिल्या खोक्यावर जी ड्युटी भरलीत, तिच्यातली सुमारे 40 टक्के रक्कम जादा आहे. माउंटसाठी जी मागताहेत, तिच्यातली 72 टक्के जादा आहे.

युरोचे रुपये करताना कार्डाच्या स्टेटमेंटवरचा आकडा धरू नका. कस्टम्स स्वतः जाहीर केलेला विनिमय दर लावते, बँकेच्या दरात बँकेचं शुल्क मिसळलेलं असतं. स्टेटमेंट लागतं ते 1,620 युरो खरोखर दिल्याचा पुरावा म्हणून.

दुकानाच्या वेबसाइटच्या पानाचं प्रिंटआउटही तुम्ही कागदांत जोडलं आहे, आणि त्यावर दुर्बिणीची किंमत 1,785 युरो दिसते. अप्रेझरने (मूल्य तपासणाऱ्या कस्टम्स अधिकाऱ्याने) हे पान आणि 1,500 चं बिल शेजारी ठेवलं, तर किंमत कमी दाखवली असा संशय येणं स्वाभाविक आहे. पण फरक कशाचा ते सोपं आहे. जर्मनीत 19 टक्के व्हॅट आहे आणि 1,500 वर 19 टक्के चढवले की बरोबर 1,785 होतात. युरोपीय संघाबाहेर पाठवलेल्या मालावर तो व्हॅट लागत नाही, तुम्ही तो भरलेलाही नाही, म्हणून तो मूल्यात येत नाही. अर्जात हे एका वाक्यात लिहा आणि व्हॅट वजा केल्याचं ऑर्डर कन्फर्मेशन सोबत लावा. ते न लिहिता नुसतं पान जोडलंत, तर बाराव्या नियमाखाली जाहीर मूल्यावर शंका घेऊन आणखी कागद मागण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. तशी क्वेरी आलीच तर शंकेची कारणं लेखी मागा. ती देणं आणि तुमचं म्हणणं ऐकून घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आता अडकलेलं दुसरं खोकं. इथे चूक कस्टम्सची नाही. कुरिअर कंपनीने दुकानदाराचं बिल पाहून तुमच्या नावाने 1,620 ची घोषणा केली. माल अजून सुटलेला नाही, म्हणून दुरुस्ती सोपी आहे. कुरिअरकडून बिल ऑफ एंट्रीची प्रत मागून घ्या. तुमच्या केवायसीवर भरलेली आहे, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. मग कलम 149 खाली दुरुस्तीचा अर्ज त्यांच्यामार्फतच द्या. अर्जात एक तक्ता हवा: पूर्ण ऑर्डर, तिची एकूण रक्कम, कोणत्या वेबिलमध्ये कोणती वस्तू, तिची किंमत आणि वाहतुकीचा वाटा. माझा आग्रह असतो की एका खोक्याचा खुलासा करतानासुद्धा तिन्ही खोकी दाखवावीत. नुसतं ‘माउंट, 420’ लिहून दिलं की अधिकाऱ्याला वाटतं, उरलेली रक्कम कुठे गेली. पूर्ण हिशेब समोर ठेवला की 1,620 चा मेळ तिथल्या तिथे बसतो.

‘मूल्य मान्य आहे’ या पत्राला मी एवढा का विरोध करतोय? अधिकाऱ्याने मूल्य वाढवलं आणि तुम्ही ते लेखी मान्य केलं नसेल, तर कलम 17(5) प्रमाणे त्याला 15 दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो. लेखी मान्यता दिली की तो आदेश मागायचा हक्क जातो, आणि पुढे अपिलात तुमचंच पत्र तुमच्यासमोर ठेवलं जातं. तुमच्या बाबतीत तर घोषणाच चुकीची गेलेली आहे. ती मान्य करणं म्हणजे 420 च्या मालाचे 1,620 मोजले असं स्वतः लिहून देणं. माल लवकर सुटावा ही ओढ मला कळते, गोदामाचं भाडंही चढत असतं. माल उतरल्यापासून 30 दिवसांत सोडवला नाही, तर कलम 48 खाली नोटीस देऊन तो विकताही येतो. तेव्हा आठवडाभर पाठपुरावा करून दुरुस्ती होत नसेल, तर पैसे भरा, पण ‘निषेध नोंदवून’ भरा, म्हणजे ज्याला तिथे ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणतात तसे. तसं पत्र देऊन पोच घ्या. असे भरलेले पैसे परत मागायला कलम 27 ची एक वर्षाची मुदत आड येत नाही.

पहिलं खोकं सुटून तीन आठवडे झाले, तिथे जरा जास्त कष्ट आहेत. नुसता परताव्याचा अर्ज दिला तर तो फेटाळला जाईल. सप्टेंबर 2019 मध्ये आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ आकारणी बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही, मग ती आकारणी आयातदाराने स्वतः केलेली का असेना. ती बदलून घ्यायला अपीलच करावं लागतं असं नाही. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डायमेन्शन डेटा इंडियाच्या प्रकरणात कलम 149 आणि 154 खालच्या दुरुस्तीचा मार्ग मान्य केला आहे. तुमचा माल मुंबईतच सुटला, त्यामुळे हा निर्णय अर्जात जरूर दाखवा.

माल सुटल्यानंतरच्या दुरुस्तीला मात्र एक अट आहे आणि बहुतेक अर्ज तिथेच पडतात. माल सुटला त्या वेळी जे कागद अस्तित्वात होते, त्यांच्याच आधारावर ही दुरुस्ती होते. दुकानदार आज नवं, ‘सुधारित’ बिल करून पाठवेल. ते जोडा, पण त्याच्यावर विसंबू नका, कारण ते नंतरचं आहे. तुमचा खरा आधार म्हणजे ऑर्डरच्या दिवशी आलेला, प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी दाखवणारा ईमेल, पहिलं खोकं निघाल्याचा संदेश ज्यात ‘नळी, नग 1’ लिहिलंय, आणि वेबिलवरचं वजन. दुकानाच्या पानावर नळीचं पॅकिंगसह वजन दिलेलं आहे. वेबिलवरचं वजन त्याच्याशी जुळलं, तर त्या खोक्यात तिपाई आणि माउंट मावणं शक्यच नव्हतं हे उघड होतं. हे सगळे ईमेल मूळ तारखांसह, ज्या खात्यात आले त्याच खात्यातून छापून घ्या.

अपिलाची मुदत कलम 128 खाली 60 दिवसांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी 30. त्यातले तीन आठवडे गेले. दुरुस्तीचा अर्ज पडून राहिला तर पन्नासाव्या दिवसाच्या आत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील दाखल करा. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू ठेवले तर चालतं. दुरुस्ती झाली की कलम 27 खाली परताव्याचा अर्ज, ड्युटी भरल्यापासून एक वर्षाच्या आत. व्यापाऱ्यांना इथे ड्युटीचा बोजा ग्राहकावर टाकला नाही हे सिद्ध करावं लागतं. व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी केलेल्या आयातीला ही अट कायद्यानेच लावलेली नाही. याच कारणाने, दुर्बिणीचे पैसे पुढे शाळेकडून घेणार असाल तर मला आधी सांगा, मग मांडणी बदलावी लागेल. आयजीएसटीही (आयातीवर ड्युटीसोबत लागणारा जीएसटी) याच अर्जात परत मागायचा. कुरिअर कंपनीने स्वतःचं म्हणून घेतलेलं हाताळणी शुल्क कस्टम्सकडून मिळणार नाही. अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत परतावा आला नाही तर 6 टक्के व्याज मिळतं.

राहिली गिफ्टची गोष्ट. दुकानदार वाईट हेतूने म्हणत असेलच असं नाही. युरोपीय संघात दोन खाजगी व्यक्तींमधल्या 45 युरोपर्यंतच्या भेटीवर कर लागत नाही, म्हणून हा आकडा त्याच्या तोंडी बसलाय. पण भारतात 12 डिसेंबर 2019 च्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेनंतर पोस्टाने किंवा कुरिअरने ‘गिफ्ट’ म्हणून करसवलतीत माल आणायला मनाई आहे. अपवाद फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी. (परदेशातली भावंडं दिवाळीला खोकं पाठवतात, त्यांनाही हे सांगा. पूर्ण ड्युटी भरून भेट आणता येते.) विकत घेतलेले आयपीस भेट म्हणून दाखवणं तर सरळ खोटं आहे. त्यात माल कलम 111 खाली जप्त होऊ शकतो, तो सोडवायला कलम 125 चा दंड, वर कलम 112 ची शास्ती. जाणूनबुजून खोटी घोषणा केली किंवा करवली तर कलम 114एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत. शिवाय पहिल्या दोन खोक्यांसाठी तुम्ही जो हिशेब मांडणार आहात, त्यात आयपीस 180 चे आहेत. तिसऱ्या खोक्यावर 45 दिसले तर तुमचा सगळा अर्ज संशयात येईल आणि न्याय्य परतावाही अडकेल.

म्हणून दुकानदाराला लिहायच्या ईमेलमध्ये चार गोष्टी मागा: तिसऱ्या खोक्यावर फक्त त्यातल्या वस्तूंचं बिल, दोन आयपीस, 180 युरो, त्यावर मूळ ऑर्डरचा क्रमांक आणि ‘तीनपैकी तिसरा नग’ अशी नोंद, वाहतुकीचा 14.40 चा वाटा वेगळा. आणि ‘गिफ्ट’ किंवा ‘नमुना’ हे शब्द कुठेही नकोत. छोटं खोकं म्हणून तो ते पोस्टाने पाठवत असेल, तर वर चिकटवायच्या कस्टम्स घोषणापत्रातही हेच आकडे हवेत. त्याचा गिफ्टचा प्रस्ताव आणि तुमचा नकार, दोन्ही ईमेल जपून ठेवा. दुसऱ्या खोक्याची बिल ऑफ एंट्री हाती आली की मला पाठवा, दुरुस्तीच्या अर्जाचा मसुदा मी तपासून देईन.