‘माल ओ कर’ म्हणजे हृदयदुखी नव्हे

प्रश्न असा आहे: एका फ्रेंच डॉक्टरच्या पत्रात रुग्णाच्या तक्रारी म्हणून ‘माल ओ कर, मालेझ, आस्तेनी’ असं लिहिलंय. इंग्रजीत ‘हार्ट पेन, मलेझ, अस्थीनिया’ केलं तर चालेल का?

पहिला शब्द तर अजिबात चालणार नाही. ‘कर’ म्हणजे हृदय हे खरं, पण ‘माल ओ कर’ म्हणजे मळमळ. किळसवाण्या गोष्टीला फ्रेंचमध्ये ‘एकरां’ म्हणतात, त्यातही हाच ‘कर’ लपलेला आहे. तेव्हा इथे ‘नॉशिया’ लिहा. ‘हार्ट पेन’ लिहाल तर पोट बिघडलेल्या माणसाचा ईसीजी निघायचा. गंमत म्हणजे इंग्रजीही काही कमी नाही. आम्लपित्ताच्या जळजळीला ती ‘हार्टबर्न’ म्हणते आणि फ्रेंच मात्र तिथे सरळ पोटाचं नाव घेते: ‘ब्र्यूल्युर देस्तोमा’.

खरा चकवा ‘मालेझ’चा आहे, कारण तोच शब्द इंग्रजीतही आहे. इंग्रजी ‘मलेझ’ म्हणजे कसकस, अंगात बरं नसल्याची मोघम भावना. ती दिवसेंदिवस टिकू शकते. फ्रेंच ‘मालेझ’ बहुतेकदा एक घटना असते. माणूस उभ्या उभ्या गरगरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी कोसळतोही. शुद्ध हरपली की नाही, हे मात्र तो शब्द सांगत नाही. म्हणून पुढे ‘पेर्त द कोनेसाँस’ म्हणजे बेशुद्धी आहे का, ते आधी पाहा. असेल तर ‘फेन्टेड’. नसेल तर ‘फेल्ट फेन्ट’वर थांबावं, मूळ पत्रात नसलेली बेशुद्धी पदरची घालणं हे भाषांतरकाराचं काम नव्हे.

‘आंजीन’चंही असंच. नुसतं ‘आंजीन’ म्हणजे घशाचा किंवा टॉन्सिलचा दाह. इंग्रजीत ‘अँजायना’ म्हटलं की डॉक्टरला हृदयविकार दिसतो. त्यासाठी फ्रेंचमध्ये ‘आंजीन द प्वात्रीन’ असं, छातीचा उल्लेख करून म्हणतात.

‘आस्तेनी’ला ‘अस्थीनिया’ हे कोशात बरोबर, पण कानाला खटकतं. फ्रेंच डॉक्टर असे ग्रीक वळणाचे शब्द सहज लिहून जातात. इंग्रज डॉक्टर त्याच जागी साधं ‘फटीग’ लिहितो, ‘सेफाले’ला ‘हेडेक’ आणि ‘आनोरेक्सी’ला ‘लॉस ऑफ ॲपेटाइट’. शेवटच्याला ‘ॲनोरेक्सिया’ लिहिलंत तर बरेच वाचक तो खाण्याबाबतचा मानसिक आजारच समजतील. थोडक्यात, तुमच्या ओळीसाठी ‘नॉशिया, फीलिंग फेन्ट, फटीग’. पुढे बेशुद्धीचा उल्लेख असेल तर मधला शब्द बदला.

(मुंग्या येण्याला फ्रेंचमध्ये ‘फुर्मीय्माँ’ म्हणतात आणि ‘फुर्मी’ म्हणजे मुंगीच! मराठी माणसाला हा शब्द फुकटात कळतो. इंग्रजीला मात्र टाचण्या-सुया टोचतात: ‘पिन्स अँड नीडल्स’.)

अशा पत्रांत ‘आल्तेरासिओं द लेता जेनेराल’ ही आणखी एक ओळ हमखास भेटते. शब्दशः ‘सर्वसाधारण प्रकृतीतील बिघाड’, पण फ्रेंच डॉक्टरांच्या लेखी त्यात थकवा, भूक मंदावणं आणि वजन घटणं अशा तीन गोष्टी येतात. तिन्ही नावं फ्रेंचमध्ये ‘आ’ने सुरू होतात. इंग्रजीत इतका बांधीव शब्दप्रयोग नाही. पत्रात पुढे तिन्ही दिल्या असतील तर त्याच लिहा. नसतील तर ‘डिक्लाइन इन जनरल हेल्थ’ लिहून सोडून द्या. वजन घटल्याचं आपण आपल्या मनाने लिहू नये.