मेक्सिकोतली नोकरी, शाळा आणि ‘पलीकडे’ जाणारी माणसं

तुझं पत्र दोनदा वाचलं. दादा म्हणून लिहिलंस, म्हणून मीही एकेरीतच लिहितो. इतरही कुणी वाचत असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा सांगलीचा, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीत काम करतो. कंपनी त्याला तीन वर्षांसाठी मेक्सिकोत केरेतारोच्या प्लांटला पाठवणार आहे, बरोबर बायको आणि सात वर्षांची मुलगी. वडील म्हणतात, “जिथली माणसं जीव धोक्यात घालून अमेरिकेत पळतात तिथे तू कशाला निघालास? शिक्षण नाही, नोकऱ्या नाहीत, म्हणूनच पळतात ना?” शिवाय मेव्हण्याला कुणा एजंटाने सांगितलंय की मेक्सिकोत एकदा पाय ठेवू द्या, पुढचं आम्ही बघतो.

वडिलांचा प्रश्न रास्त आहे. मी इथे यायला निघालो तेव्हा माझ्या आईनेही हेच विचारलं होतं, आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता तेरा वर्षं केरेतारोत काढल्यावर सांगतो. इथे शाळा आहेत, कारखानेही आहेत. शाळेने दिलेल्या कागदाला बाजारात काय भाव मिळतो, तिथे घोडं अडलंय. तो भाव जिथे बरा मिळायला लागला तिथून माणसं जाणं कमी झालं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आधी शिक्षणाचं बघ. १९७० साली इथल्या प्रौढ माणसाचं सरासरी शिक्षण साडेतीन वर्षांच्याही आत होतं. २०२०च्या जनगणनेत ते ९.७ वर्षांवर आलं. म्हणजे सहा वर्षांची प्राथमिक शाळा आणि तीन वर्षांची सेकुंदारिया साधारण सगळ्यांची होते. त्यापुढची तीन वर्षं, म्हणजे प्रेपा (आपली दहावी ते बारावी समज), २०१२ पासून कायद्याने सक्तीची आहे. १९९७ साली सरकारने प्रोग्रेसा नावाची योजना काढली. मूल शाळेत गेलं तर आईच्या हातात पैसे, वरच्या वर्गात जास्त, आणि सेकुंदारियापासून मुलींना मुलांपेक्षा थोडे अधिक. तिचा खूप उपयोग झाला. पण गंमत बघ, शिक्षण असं वाढत होतं त्याच काळात बेकायदा जाणाऱ्यांची संख्याही वाढत होती. २०००च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर वर्षाला सोळा लाखांच्या वर पकडापकडी होत होती आणि त्यात बहुतेक मेक्सिकनच होते. नुसत्या शाळेने माणूस थांबत नाही, हे त्यावरूनच कळतं.

आमच्या प्लांटमधल्या एका सहकाऱ्याचं घर सांगतो. तो सिएर्रा गोर्दाच्या डोंगरातला, लांदा दे मातामोरोस भागातल्या एका वाडीतला. केरेतारो शहरापासून गाडीने चार-पाच तास, सगळा घाट. वाडीत तेलेसेकुंदारिया होती. म्हणजे टीव्हीवर धडे आणि सगळ्या विषयांना मिळून एकच शिक्षक. १९६८ पासून खेड्यापाड्यांत हीच पद्धत चालत आली आहे. हा आणि याचा थोरला भाऊ दोघेही तिथेच शिकले. थोरल्याने पंधराव्या वर्षी सेकुंदारियाचा दाखला घेतला. प्रेपा लांबच्या गावात, रोजचं गाडीभाडं परवडणारं नव्हतं. दाखला घेऊन काय मिळणार होतं? मक्याच्या शेतात मजुरी नाहीतर गवंड्याच्या हाताखाली काम. गावातून आधीच निम्मे पुरुष टेक्सासला गेलेले, काकाने कोयोतेचे (सीमा पार करून देणाऱ्या दलालाचे) पैसे भरले, आणि पोरगा गेला. इथे कुणी ‘अमेरिकेत गेला’ असं म्हणत नाही. ‘पलीकडे गेला’ म्हणतात. सीमेवरच्या नदीच्या पलीकडे.

धाकट्याला मावशीने शहरात ठेवून घेतलं. तो प्रेपा झाला, तांत्रिक विद्यापीठात शिकला, आता इंजिनिअर आहे. महिन्याला हातात सोळा हजार पेसो येतात. भाऊ तिकडे घरांची छपरं घालतो आणि तेवढेच पैसे आठवड्याला मिळवतो. नववी शिकलेला भाऊ इंजिनिअर भावाच्या चौपट कमावतो, हा हिशोब त्या घरात रोज जेवायला बसतो. तरी धाकटा गेला नाही. मी एकदा सरळ विचारलं. म्हणाला, “माझी मुलगी मला रोज संध्याकाळी दिसते.” भावाने पाठवलेल्या पैशांतून गावात कमानींचं दोन मजली घर उभं आहे, खिडक्यांना पडदे आहेत, किल्ली शेजारणीकडे असते. गच्चीवर तिसऱ्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया आकाशाकडे तोंड करून गंजताहेत. इथले लोक त्यांना आशेच्या सळया म्हणतात. आई गेली तेव्हा तो येऊ शकला नाही. आला असता तर परत जाता आलं नसतं.

हे शेवटचं नीट समजून घे, कारण बेकायदा स्थलांतराबद्दलचे बरेच गैरसमज इथेच आहेत. पूर्वी माणसं जायची आणि यायची. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो नावाची सरकारी व्यवस्था होती. अमेरिकेतल्या शेतांवर हंगामी कामाचे करार, एकूण पंचेचाळीस लाखांच्या वर. ती बंद पडली, पण काम आणि माणसं तीच राहिली, फक्त कागद गेला. तरी हंगाम संपला की लोक घरी येत. १९९४ नंतर सीमेवर कुंपण आणि पहारा वाढला, ओलांडणं महाग आणि जीवघेणं झालं, तसे गेलेले तिकडेच अडकून पडले आणि बायकामुलांना बोलावू लागले. त्याच वर्षी १ जानेवारीला नाफ्ता, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापाराचा करार लागू झाला. अमेरिकेचा स्वस्त, अनुदानावर पिकलेला मका हळूहळू इथे उतरला, आणि डिसेंबरात पेसो कोसळला. दोन-चार एकरांवर मका लावणाऱ्याचं पार कंबरडं मोडलं. मोठे कारखाने सीमेजवळ उभे राहिले, पण डोंगरातला शेतकरी तिथपर्यंत पोचेतो त्याचा मुलगा पलीकडे निघून गेलेला असे.

आता वडिलांना सांगण्यासारखी गोष्ट. अमेरिकेत कागदाविना राहणाऱ्या मेक्सिकन लोकांची संख्या २००७ साली एकोणसत्तर लाखांच्या घरात होती, ती २०२२ पर्यंत चाळीस लाखांच्या आसपास आली. २००९ ते २०१४ या काळात तिकडे गेलेल्यांपेक्षा परत आलेलेच जास्त होते. कारणं बरीच आहेत. अमेरिकेतली मंदी, कडक पहारा, आणि इथे पोरं कमी झाली. १९७०च्या सुमारास एका बाईला सरासरी सात मुलं होत, आता दोनाच्याही खाली. घरात दोनच मुलं असली की त्यांना प्रेपापर्यंत नेणं जमतं. आणि कायदेशीर रस्ताही थोडा रुंदावला. शेतीच्या हंगामी कामासाठी अमेरिका जो व्हिसा देते तो २०२३ साली तीन लाखांहून जास्त लोकांना मिळाला, त्यात बहुसंख्य मेक्सिकन. ज्याच्या हातात तो कागद आहे तो माणूस वाळवंटातून चालत जात नाही, आणि दिवाळीसारखा नाताळला घरी येतो.

केरेतारो हे शिक्षण आणि नोकरी एकमेकांना जोडल्यावर काय होतं याचं चांगलं उदाहरण आहे. विमानांचे भाग बनवणारी मोठी कंपनी इथे आली, तेव्हा राज्य सरकारने विमानतळाला लागून खास विमानविद्येचं विद्यापीठ काढलं, २००७ साली. दोन वर्षांचा तंत्रज्ञाचा कोर्स, पुढे हवं तर इंजिनिअरिंग. शिकवायचं काय ते कारखान्यांशी बोलून ठरवलेलं. आज आमच्याकडे कामाला येणारी अर्धी पोरं अशा विद्यापीठांतली आहेत, त्यातली कितीतरी त्याच डोंगरांतली. दहा वर्षं आधी असतं तर यांतली काही जण नक्की टेक्सासला असती.

पण चित्र गुळगुळीत करून सांगणार नाही. निम्म्याहून जास्त कामकरी इथे अजून अनौपचारिक कामात आहेत, ना विमा ना पेन्शन. किमान मजुरी २०१८ साली दिवसाला ८८.३६ पेसो होती, २०२५ साली २७८.८०. सरकारने तिपटीहून जास्त वाढवली, ही मोठी गोष्ट आहे. पण कॅलिफोर्नियात २०२५ साली तासाची किमान मजुरी साडेसोळा डॉलर होती, म्हणजे तीनशे पेसोंच्या आसपास. इथला अख्खा दिवस तिथल्या एका तासाएवढाही नव्हता. ही दरी असेपर्यंत कुणी ना कुणी जाणारच. मेक्सिको सिटीतल्या सरकारी उनाम विद्यापीठात फी नावापुरती, पण प्रवेश परीक्षेला बसलेल्या दहांमधला एखादाच आत जातो. आणि गेल्या काही वर्षांत शेजारच्या ग्वानाहुआतो, मिचोआकान आणि जरा लांबच्या साकातेकास या राज्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं निघाली, ती पगारासाठी नाही, टोळ्यांच्या भीतीने. तुला घर बघायचं तर केरेतारो शहरातच बघ, आणि रात्री हायवेने प्रवास टाळ.

डिसेंबरात वेळ काढून सिएर्रा गोर्दातल्या हाल्पानला जाऊन ये. नाताळाआधी तिकडे पलीकडची माणसं गाड्यांच्या रांगा करून येतात, टेक्सासच्या नंबरप्लेटी, टपावर सायकली, वॉशिंग मशीन, ताडपत्रीने बांधलेलं सामान. आपल्याकडे गणपतीला कोकणात चाकरमानी उतरतात तसंच. फरक एवढाच की येतात ते कागद असलेले. बाकीच्यांचं नुसतं सामान येतं.

मेव्हण्याला हे जसंच्या तसं वाचून दाखव. मेक्सिकोचं रेसिडेन्सी कार्ड अमेरिकेत शिरायला काडीच्याही उपयोगाचं नाही. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातल्या व्यापार कराराखाली अमेरिका देते तो व्यावसायिकांचा व्हिसा फक्त मेक्सिको आणि कॅनडाच्या नागरिकांना मिळतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेक्सिकोनेच ३११ भारतीयांना एका विमानात बसवून तोलुकाहून दिल्लीला परत पाठवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला १०४ जणांना घेऊन उतरलं, हातात बेड्या, आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही तिघे होते. २०२३च्या अमेरिकी आर्थिक वर्षात तिथल्या यंत्रणेने जवळजवळ ९७ हजार भारतीय अडवले, त्यातले सुमारे ४२ हजार या दक्षिण सीमेवर. ही सगळी माणसं गरीब नव्हती. एजंटाला लाखो रुपये देणारा माणूस जमीन विकून देतो. सर्वांत गरीब माणूस कुठेच जाऊ शकत नाही, इथला नाही आणि आपल्याकडचाही नाही. मेव्हण्याला म्हणावं, त्या पैशांत आयटीआय किंवा डिप्लोमा कर आणि भाषा शीक, मी इथे ओळखीने अर्ज द्यायला मदत करीन. हे मी मनापासून लिहितोय.

आता तुझी कामं. व्हिसासाठी आधी कंपनीने इथल्या इमिग्रेशनकडे परवानगी मागायची, ती आली की तू मेक्सिकोच्या वकिलातीत मुलाखतीला जायचं. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असला की मेक्सिकोत फिरायला येता येतं, म्हणून काही कंपन्या तसंच बोलावून कामाला लावतात. तसं येऊ नकोस, त्यावर नोकरी करता येत नाही. पोचल्यावर तीस दिवसांच्या आत कार्डाच्या कामाला लाग. कार्ड आधी वर्षाचं मिळतं, पुढे वाढवून एकूण चार वर्षं. कायद्याने कंपनीतले नव्वद टक्के कर्मचारी मेक्सिकन असावे लागतात, तेव्हा तुझी जागा म्हणजे इथल्या कुणाला तरी शिकवायची जागा आहे असं समजून ये. स्पॅनिश आत्तापासून सुरू कर, रोज अर्धा तास. शॉप फ्लोअरवर इंग्रजीने काही होत नाही.

मुलगी सात वर्षांची म्हणजे दुसरीत बसेल. सरकारी शाळा परदेशी मुलांनाही फुकट आहे आणि शिक्षक प्रेमळ असतात, पण वर्ग मोठे. माझी मुलगी दोन वर्षं सरकारी शाळेत होती, स्पॅनिश तिथेच शिकली, नंतर आम्ही खासगीत घातली. जन्मदाखला अपोस्टिल करून आण, त्याचं इथे अधिकृत भाषांतर होतं.

वडिलांना आणखी एक सांग. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे १९२४ साली क्रांतिकारकाचं आयुष्य मागे टाकून याच देशात आले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं, आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी फुकट शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या मोठ्या मेक्सिकन चित्रकाराने त्यांना शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलंय, पंगतीला भाकरी वाटताना. मेक्सिको सिटीला गेलास की ती भिंत बघून ये. पोरांनी गावातच शिकून गावातच पोट भरावं, यासाठी आपल्यातलाच एक माणूस तीस वर्षं इथे झटला.

ऑफर लेटर आलं की दोन आकडे विचार: पगार ब्रुतो किती, म्हणजे कर कापायच्या आधी, आणि इम्स या सामाजिक विम्यात किती नोंदवणार. माझ्या पहिल्या कंपनीने इम्समध्ये कमी पगार दाखवला, आणि घराच्या कर्जाच्या वेळी ते मला नडलं. इम्समधला आकडा ब्रुतो पगारापेक्षा कमी असता कामा नये. डिसेंबरचा आग्विनाल्दो, म्हणजे बोनस, कायद्याने किमान पंधरा दिवसांचा असतो, तो पत्रात लिहून घे. सही करायच्या आधी मला पाठव, मी एका रात्रीत बघून देतो.