पैसे घेऊन बनवून दिलेल्या सॉफ्टवेअरची मालकी कोणाची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखानदाराला आपण सुताच्या वजनापासून तयार मालाच्या डझनांपर्यंतचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर ठरलेली रक्कम घेऊन बनवून दिले. त्यांनी ते परस्पर आणखी दोन कारखान्यांना दिले आणि आता ‘पैसे मोजले, म्हणजे ते आमचे’ असे ते सांगत आहेत. मी सोलापुरातच वकिली करतो आणि माझ्या मते हा दावा टिकणारा नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो, त्यामुळे कोड (प्रोग्रामच्या लिखित सूचना) लिहिणारा हाच लेखक आणि साधारणपणे प्रथम मालक ठरतो. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड मात्र, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणाऱ्याचा होतो. म्हणून आपण पगारी नोकर होता की स्वतंत्रपणे काम घेतले होते, हे आधी पाहावे लागते. मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र किंवा चित्र पैसे देणाऱ्याचे होते, अशी तरतूद कलम १७ मध्ये आहे; पण त्या यादीत सॉफ्टवेअर नाही. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. आपल्या बिलावर ‘सॉफ्टवेअर तयार करून दिल्याचे शुल्क’ एवढेच लिहिले असेल, तर त्यातून कारखानदाराला स्वतःच्या कारखान्यात वापरण्याची परवानगी मिळते, वाटण्याची नव्हे. मात्र कोटेशनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या अटींवर आपली सही आहे का, हे जरूर तपासा. असे वाद पुष्कळदा तिथेच फिरतात.

एक मर्यादा स्पष्टपणे सांगायला हवी. संरक्षण कोडला आहे, कल्पनेला नाही. बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ), सूत आणि डझन यांचा मेळ घालण्याची पद्धत पाहून दुसऱ्या कोणी स्वतःचा कोड लिहिला, तर त्याला अडवता येणार नाही. पेटंटचाही येथे उपयोग नाही, कारण पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारते.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. तरीही नोंदणी अवश्य करा, कारण नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा (उलट सिद्ध होईपर्यंत खरा धरला जाणारा) ठरते. अर्जासोबत सोर्स कोडची किमान पहिली दहा आणि शेवटची दहा पाने, काहीही न झाकता, द्यावी लागतात. कोडमधील बदलांचा तारीखवार इतिहास आणि कारखानदाराशी झालेला ईमेल-व्यवहार आजच जपून ठेवा.

बेकायदेशीर प्रत आहे हे माहीत असूनही प्रोग्राम वापरणाऱ्याला कलम ६३बी खाली शिक्षा होऊ शकते. तरीही पोलिसांकडे धावण्याआधी तिन्ही कारखान्यांना लेखी नोटीस पाठवावी, असे मी सुचवेन: इतर दोघांना खरी स्थिती कदाचित ठाऊकच नसेल आणि नोटिशीनंतर त्यांना तसे म्हणता येणार नाही. तेवढ्याने भागले नाही, तर कलम ६२ मुळे आपण राहता किंवा व्यवसाय करता तेथील, म्हणजे सोलापूरच्याच जिल्हा न्यायालयात मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईसाठी दावा लावता येईल.